महाग बाटलीत नेमकं जास्त काय असतं? म्हसावदच्या मोहापासून अमेरिकेच्या बर्बनपर्यंतचा हिशेब

मराठीत दारूच्या दर्जाचं सगळ्यात ओळखीचं प्रमाणपत्र दोन शब्दांचं आहे, 'पहिल्या धारेची'. ज्याने आयुष्यात थेंब चाखला नाही त्यालाही याचा अर्थ माहीत असतो. हे प्रमाणपत्र आलं हातभट्टीवरून. तिथे ना लेबल, ना बारा वर्षं जुनं लाकडी पिंप, ना सोनेरी बूच.

आता दुसरं टोक बघा. अमेरिकेत 'पॅपी व्हॅन विंकल' नावाची बर्बन मिळते. २३ वर्षं पिंपात ठेवलेली. तिची बाटली छापील किमतीच्या कित्येक पट भावाने विकली जाते आणि लोक त्यासाठी सोडतीत नाव नोंदवतात. इन्स्टाग्रामवर बाटली दाखवणाऱ्या रील्समुळे हा प्रश्न आता आपल्याकडेही विचारला जातोय. महाग दारू खरंच चांगली असते, की पैसे फक्त लेबलचे असतात?

याचं उत्तर शोधायला सुरुवात म्हसावदपासून करायला हरकत नाही.

म्हसावद का?

म्हसावद हे नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं गाव. शहाद्याहून तोरणमाळकडे निघालं की सातपुड्याच्या पायथ्याला ते लागतं. खाली तापीच्या खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाना, वर डोंगरात भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती आणि मोहाची झाडं. दारूचे दोन वेगवेगळे कच्चे माल इथे अगदी शेजारी आहेत. उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून अल्कोहोल बनतं, आणि भारतातली बरीचशी स्वस्त दारू याच मळीच्या अल्कोहोलवर उभी आहे. मोहाची दारू मात्र फुलांपासून होते. फुलांपासून ऊर्ध्वपातन करून बनवलेली दारू जगात फारच कमी ठिकाणी आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत गळतात, म्हणून वेचायला माणसं उजाडायच्या आधी झाडाखाली जातात. फुलं वाळवली की मनुक्यासारखी दिसतात आणि त्यांच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग साखरच असते. ती पाण्यात काही दिवस आंबवायची, मग भांड्यात उकळायची आणि वाफ थंड करून थेंब गोळा करायचे.

सातपुड्यात ही दारू फक्त प्यायची वस्तू नाही. जन्म, लग्न, मरण, देवाचं काम, सगळीकडे ती लागते. आधी जमिनीवर धार सोडून देवाला आणि पूर्वजांना द्यायची, मग माणसांनी घ्यायची.

'पहिल्या धारेची' म्हणजे खरंच चांगली?

अर्धं खरं, अर्धं नाही.

आंबवलेलं पाणी तापवलं की कमी तापमानाला उडणारे पदार्थ आधी बाहेर येतात. शुद्ध इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी १०० ला. त्यामुळे सुरुवातीच्या धारेत अल्कोहोलचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. ती कडक असते, म्हणून तिचं कौतुक. नंतर नंतर पाणी वाढत जातं आणि धार सौम्य, आंबूस होत जाते.

पण अगदी पहिल्या थोड्या भागात अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट अशी भसकन उडणारी, नाकाला झोंबणारी द्रव्यंही येतात. जाणकार माणूस तो पहिला भाग बाजूला काढतो, मधला ठेवतो आणि शेवटचा तोडतो. स्कॉटलंडमध्येही हेच करतात, तिथे त्याला हेड्स, हार्ट्स आणि टेल्स म्हणतात. म्हणजे चांगल्या दारूचा पहिला खर्च हा फेकून द्यायचा खर्च आहे. जो जास्त टाकतो, त्याची बाटली महाग पडते आणि तोंडात मऊ लागते. किंमत वाढायची ही सगळ्यात प्रामाणिक कारणांपैकी एक आहे, आणि तिचा लेबलशी काही संबंध नाही.

बर्बन महाग का होते?

बर्बन म्हणजे अमेरिकेची मक्याची व्हिस्की. तिचे नियम कायद्यात लिहिलेले आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच ती ठेवायची. पिंपात भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि बाटलीत ४० टक्क्यांपेक्षा कमी नको. रंग किंवा चव वरून घालायची नाही. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बनला अमेरिकेचं खास उत्पादन म्हटलं.

खर्चाची खरी जागा पिंपात आहे. बर्बनसाठी पिंप एकदाच वापरता येतं. नंतर ते विकलं जातं, बरंचसं स्कॉटलंडला, तिथे त्याच पिंपात स्कॉच मुरते. शिवाय पिंपातून दरवर्षी थोडी दारू उडून जाते. तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. वीस-बावीस वर्षांनी पिंप उघडलं तर बराच माल हवेत गेलेला असतो. उरलेल्यावर सगळा खर्च पडतो, म्हणून जुनी बाटली महाग.

पण जुनी म्हणजे चांगली, हे मात्र बर्बनच्या बाबतीत फार दूर नेता येत नाही. नव्या, जाळलेल्या लाकडाचा अर्क जोरात उतरतो. ठरावीक वर्षांनंतर लाकडाचा कडवटपणा बाकीच्या चवी खाऊन टाकतो. म्हणून सहा ते बारा वर्षांची बर्बन आवडणारे अनेक जाणकार वीस वर्षांच्या बाटलीला नाक मुरडतात.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे पॅपी व्हॅन विंकल जिथे बनते, त्याच बफेलो ट्रेस डिस्टिलरीत 'वेलर' नावाची बर्बनही बनते. दोघींत मक्यासोबत राय ऐवजी गहू असतो आणि दोघी एकाच पाककृतीच्या बहिणी मानल्या जातात. फरक पिंपांच्या निवडीचा आणि वर्षांचा. तो फरक चवीत लागतो, पण किमतीतल्या फरकाएवढा लागतो असं म्हणणं धाडसाचं आहे. बाकीचे पैसे दुर्मीळपणाचे. बाटल्या कमी, मागणारे जास्त.

किंमत वाचली की चव बदलते का?

बदलते, आणि हे मोजलेलं आहे. फक्त प्रयोग वाइनवर झाले, व्हिस्कीवर नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

२००८ मध्ये कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २० जणांना मेंदूचं स्कॅनिंग सुरू असताना वाइन पाजली. एकच वाइन कधी १० डॉलरची म्हणून, कधी ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलर ऐकल्यावर लोकांनी ती जास्त आवडल्याचं सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. सुखद अनुभवाशी जोडलेल्या मेंदूच्या भागात खरंच जास्त हालचाल दिसली.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. त्यात किंमत आणि नाव लपवून घेतलेल्या सहा हजारांहून जास्त चाखण्यांची आकडेवारी तपासली होती. सामान्य लोकांना महाग वाइन जास्त आवडत नव्हती, उलट किंचित कमीच आवडत होती. ज्यांनी वाइनचं प्रशिक्षण घेतलं होतं, त्यांच्यात मात्र तसं दिसलं नाही. म्हणजे जीभ तयार असेल तर पैशांचा थोडाफार मोबदला मिळतो. नसेल तर मोबदला मुख्यतः किंमत माहीत असण्यातून मिळतो. मित्रांसमोर बाटली ठेवण्याचं सुख खरं आहे, पण ते बाटलीच्या आत नसतं.

महाराष्ट्रात बाटलीचे पैसे जातात कुठे?

महाराष्ट्रात दारूची किंमत आणि तिचा दर्जा यांचं नातं आणखी सैल आहे, कारण मध्ये सरकार बसलेलं आहे.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढवलं. भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावर, म्हणजे आपल्या नेहमीच्या व्हिस्की-रमवर, घोषित उत्पादन खर्चाच्या तिप्पट शुल्क होतं, ते साडेचार पट झालं. प्रति लिटर २६० रुपयांपर्यंत उत्पादन खर्च असलेल्या मद्याला हे लागू आहे. सोप्या भाषेत, कंपनीने दारू बनवायला १०० रुपये खर्च दाखवला, तर शुल्कच ४५० रुपये. त्यावर व्हॅट, घाऊक विक्रेता, दुकानदार. तुम्ही मोजलेल्या नोटांपैकी बाटलीतल्या द्रवाच्या वाट्याला फारच थोड्या येतात.

त्याच निर्णयात १८० मिलीच्या बाटलीचे किमान दरही ठरले. देशी मद्य ८० रुपये. 'महाराष्ट्र मेड लिकर' या धान्यापासून बनणाऱ्या नव्या प्रकारासाठी १४८. भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५. प्रीमियम विदेशी मद्य ३६०. ८० पासून ३६० पर्यंतची ही शिडी चवीच्या परीक्षेतून आलेली नाही, ती मंत्रालयातून आली आहे.

याचा उलटा पुरावाही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं विशेष शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. काही बाटल्या ३५-४० टक्क्यांनी स्वस्त झाल्या. स्कॉटलंडमध्ये काहीही बदललं नव्हतं. तीच डिस्टिलरी, तीच पिंपं, तेच पाणी. आदल्या महिन्यात जास्त पैसे देणाऱ्याने जास्त चांगली दारू प्यायली नव्हती.

बर्बनचंही तसंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरचा आयात कर १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणला. तरी १०० टक्के म्हणजे बंदरात उतरतानाच किंमत दुप्पट. अमेरिकेत जी बाटली रोजच्या वापरातली, साधी समजली जाते, ती आपल्याकडे 'प्रीमियम' कप्प्यात जाऊन बसते. तेव्हा इथे बर्बन घेताना 'महाग आहे म्हणजे भारी असणार' हा अंदाज हमखास चुकतो.

मग कोणती बाटली पैसे वसूल करते? ज्यात पैसे ओळखता येणाऱ्या गोष्टीवर खर्च झालेत ती. भारतात 'व्हिस्की' लिहिलेल्या कित्येक बाटल्यांत मळीपासून किंवा धान्यापासून बनवलेलं न्यूट्रल स्पिरिट असतं आणि त्यात थोडी माल्ट व्हिस्की मिसळलेली असते. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणताच येत नाही, तिथे धान्य आणि किमान तीन वर्षं पिंप सक्तीचं आहे. तेव्हा मिश्रणाच्या व्हिस्कीवरून पूर्ण धान्याच्या, पिंपात मुरलेल्या व्हिस्कीवर जाणं ही खरी पायरी आहे, फरक बहुतेकांना लागतो. त्यापुढची प्रत्येक पायरी लहान होत जाते आणि किंमत मात्र मोठी उडी मारते.

मोहाच्या बाटलीचा हिशेब

आता परत सातपुड्यात. मोहाची दारूही हल्ली महाग बाटलीत आली आहे. २०१८ मध्ये डेस्मंड नाझरेथ यांच्या कंपनीने गोव्यात 'डेस्मंडजी महुआ' आणली. महाराष्ट्रातल्याच साउथ सीज डिस्टिलरीजची 'सिक्स ब्रदर्स महुरा' आहे. नर्मदेपलीकडे, नंदुरबारला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटाने 'मोंड' नावाने बाटली काढली, तिला तिथल्या सरकारच्या 'हेरिटेज मद्य' धोरणाचा आधार आहे.

या बाटलीत मोहाचा वाटा किती? कारखान्यात एक टन वाळलेल्या फुलांपासून साधारण ३४० लिटर ९५ टक्क्यांचं अल्कोहोल निघतं असा हिशेब दिला जातो. त्या मापाने एक किलो फुलांतून ४२.८ टक्क्यांची ७५० मिलीची एक बाटली भरते. गावच्या भांड्यात उतारा कमी मिळतो, तिथे फुलं जास्त लागतात. २०२० मध्ये केंद्राने वाळलेल्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत किलोला १७ वरून ३० रुपये केली. म्हणजे पहाटे उठून, वाकून वाकून वेचलेल्या फुलांचे बाटलीमागे ३० रुपयांच्या आसपास. व्यापाऱ्याने कमी भाव दिला तर तेवढेही नाहीत.

महाग मोह-बाटलीला मग नावं ठेवायची का? सरसकट नाही. माती न लागलेली फुलं, नीट तोडलेली धार, प्रयोगशाळेतली तपासणी, यांना पैसे लागतात. मोहाला तर पिंपात ठेवायची गरजही नाही, फुलाचा वास ताज्या दारूतच चांगला लागतो. त्यामुळे तिथे वयाचे पैसे मागणाऱ्याला प्रश्न विचारायला हवा, स्वच्छतेचे पैसे मागणाऱ्याला नाही.

आणि मोह स्वस्त आणि बदनाम का राहिला, याचं कारण चव हे नाहीच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर इंग्रजांनी दारू गाळणं गावांतून काढून मोठ्या परवानाधारक भट्ट्यांकडे नेलं, कारण तिथे कर मोजता येतो. १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर फुलं गोळा करण्यावरच निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी कायदा आला, १९४९ चा, तो आजही लागू आहे. महाराष्ट्रात घरी विनापरवाना दारू गाळणं गुन्हा आहे. फुलांची वाहतूक आणि साठवणूक यांवरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले. २०२२ मध्ये मोहफुलं आणि काजू बोंडं यांच्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी मद्य' म्हणून वर्ग देण्याचा निर्णय झाला. सातपुड्याच्या झाडाखाली पडलेलं फूल कागदावर 'विदेशी' झालं, ते असं.

स्वस्त दारूची खरी किंमत

महाग बाटलीची चेष्टा करताना एक बाजू सुटायला नको. स्वस्त दारूत धोका चवीचा नसतो, ती कुठून आली हे माहीत नसण्याचा असतो.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं मेली. त्यात मिथेनॉल होतं. फुलं किंवा गूळ आंबवताना मिथेनॉल सहसा अगदी थोडं तयार होतं. अशा मोठ्या दुर्घटनांमध्ये बहुतेक वेळा कारखान्यासाठीचं मिथेनॉल दारूत मिसळलेलं असतं, कारण ते स्वस्त पडतं. त्याचा वास आणि चव साध्या दारूसारखीच असते. काडी लावून ज्योत बघायची वगैरे घरगुती परीक्षा भरवशाच्या नाहीत. प्यायल्यानंतर काही तासांनी डोळ्यांपुढे धुकं, उलट्या, पोटात जोरात दुखणं असं झालं तर थेट रुग्णालय गाठायचं, झोपून उतरेल म्हणून थांबायचं नाही. वेळेत पोहोचलं तर त्यावर उपचार आहेत.

शिवाय 'मोहाची' म्हणून जे विकलं जातं त्यात मोह असेलच असं नाही. काळा गूळ आणि नवसागर वापरून काढलेली हातभट्टी मोहाच्या नावावर खपते.

अमेरिकेतही हा काळ येऊन गेलाय. एकोणिसाव्या शतकात तिथले व्यापारी कच्च्या अल्कोहोलमध्ये रंग आणि काय काय मिसळून व्हिस्की म्हणून विकायचे. त्यावर १८९७ मध्ये 'बॉटल्ड इन बाँड' कायदा आला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीखालच्या गोदामात ठेवलेली आणि ५० टक्के अल्कोहोल असलेलीच दारू हे शब्द लावू शकते. आजही तिथल्या काही स्वस्त बर्बनवर हे शब्द असतात, आणि अनेक झगमगीत महाग बाटल्यांवर नसतात. बर्बन घ्यायचीच असेल तर लेबलवर आधी हे बघावं, सोनेरी अक्षरं नंतर.

महाग दारू शरीराला कमी त्रास देते का?

हा समज पक्का बसलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. भारतातल्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. अशा क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४० टक्क्यांच्या आयात बर्बनच्या तेवढ्याच मापात ७२ मिली. यकृताला लेबल वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीत तर बर्बन मागेच पडते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बर्बन पिणाऱ्यांना व्होडका पिणाऱ्यांपेक्षा हँगओव्हर जास्त झाला. बर्बनला चव आणि रंग देणारी जी उपद्रव्यं असतात, ती व्होडकाच्या ३७ पट होती. म्हणजे ज्याचे पैसे दिले, त्यानेच डोकं धरलं. दोन्ही गटांचं कामातलं लक्ष मात्र सारखंच बिघडलं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. त्यात किमतीचा उल्लेख नाही.

शहाद्याच्या बायकांचा हिशेब वेगळा होता

म्हसावद ज्या तालुक्यात आहे तिथे दारूच्या किमतीचा प्रश्न पूर्वीच, आणि फार वेगळ्या पद्धतीने विचारला गेला. १९३० च्या दशकात तळोदा भागात संत गुलाम महाराजांच्या 'आप की जय' चळवळीत हजारो आदिवासींनी दारू सोडली. पुढे १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे त्या काळातल्या आदिवासी लढ्याचं मोठं नाव. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण त्यातल्या बायकांनी वेगळाच मुद्दा पुढे आणला. मजुरी वाढली तरी ती गुत्त्यात जाते आणि रात्री मार आपण खातो. मग त्या टोळीने गावोगाव गेल्या, गुत्त्यांवर चालून गेल्या आणि दारूची मडकी फोडली. भारतातल्या स्त्री चळवळीच्या इतिहासात शहाद्याचं नाव यासाठी घेतलं जातं.

त्या मडक्यांतली दारू स्वस्त होती. आजच्या दराने बोलायचं तर ८० रुपयांची देशी क्वार्टर रोज घेणारा माणूस महिन्याला २,४०० रुपये घालवतो. वर्षाला २९,२०० रुपये. एवढ्यात आयात बर्बनच्या कितीतरी बाटल्या येतात, किंवा मोहफुलांच्या आधारभूत किमतीने मोजलं तर जवळपास एक टन वाळलेली फुलं.

गाव किंवा वॉर्डातलं दुकान बंद करायचं असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी मतदानाची सोय आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकानाला टाळं लागतं.